शिकाऱ्यांच्या गप्पा म्हणजे फुशारकी?

शिकाऱ्यांच्या गोष्टी म्हणजे नुसती फुशारकी, हे मत मला अजिबात पटत नाही. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या जुहोआन्सी लोकांत बढाई खपवूनच घेत नसत. मोठं जनावर मारलेला माणूसही गुपचूप येऊन शेकोटीपाशी बसायचा, विचारलंच तर "काही खास नाही, लहानसं काहीतरी दिसलं." मांस आणायला गेलेले वर त्यालाच टोचायचे, "या हाडांसाठी एवढी पायपीट?" वाटपाचा मान बाणाच्या मालकाचा, आणि बाण बहुधा दुसऱ्याकडून घेतलेला! मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीस्नर यांनी १९७४ मध्ये नोंदवलेल्या या लोकांच्या संभाषणांत दिवसा तक्रारी आणि पोटापाण्याच्या गोष्टी जास्त. रात्री शेकोटीभोवती मात्र ८१ टक्के बोलणं गोष्टींचं. लग्नं, भांडणं, लांबच्या नातलगांची खबरबात. अडीअडचणीला कुणाच्या वस्तीवर जायचं, तेही माझ्या मते त्यातूनच कळत असणार.