लोणाडचं पडकं शिवमंदिर आणि चौधरपाड्याचा शिलालेख: वयस्कर माणसाला घेऊन जाण्यासाठी मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. दिवाळीच्या आधी एखाद्या शनिवारी डोंबिवलीहून बाबांना लोणाडला न्यायचं ठरवतोय. बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त इतिहास शिक्षक. गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. अंबरनाथचं मंदिर त्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना दाखवलं, पण लोणाड मात्र राहूनच गेलं. अलीकडे तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

ज्यांना ठिकाण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोणाड भिवंडी तालुक्यात आहे, कल्याणपासून जवळच. भातखाचरांच्या या मुलखात शिलाहार (उत्तर कोकणावर राज्य करणारं घराणं) काळातलं शिवमंदिर आहे, बरंचसं कोसळलेलं. शिलाहार राजा दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०६ चा, म्हणजे इ. स. ११८४ चा शिलालेख लोणाडचाच. शेजारच्या चौधरपाड्याला त्याच घराण्यातल्या केशिदेवाचा शके ११६१ चा लेख आहे. त्यात सोम नावाच्या कवीला ब्रह्मपुरी ही वस्ती दान दिल्याचं नोंदवलंय. शिवाय डोंगरात बौद्ध लेणं आहे. लोक त्याला खांडेश्वरीचं लेणं म्हणतात, कारण आत देवीची स्थापना झाली आहे. व्हरांड्यातला राजदरबाराचा शिल्पपट बघण्यासारखा आहे. इतकं सगळं एका टापूत, आणि तरी अंबरनाथला जाणाऱ्यांपैकी फार थोडे इकडे वळतात.

आता अडचणी. पहिली आणि मोठी, चालण्याची. गाडी मंदिराच्या किती जवळ जाते? बांधावरून जावं लागत असेल तर ते किती? ऑक्टोबरमध्ये हळवं भात कापणीला आलेलं असतं आणि गरवं अजून उभं असतं. बांध वरून सुकलेला दिसतो, पण खेकड्यांनी आतून पोखरलेला असतो, काठी टेकली की आत जाते. शेतकऱ्याच्या तोंडाशी आलेल्या पिकात पाय पडलेला मला अजिबात चालणार नाही. कापणी उरकून खाचरं मोकळी होईपर्यंत थांबणं बरं का? तेव्हा पायाखालचं दिसतं, फुरसं-घोणस यांची धास्तीही जरा कमी. गावात कोणाला विचारून जाण्याची रीत असेल तर तीही सांगा.

दुसरं, चौधरपाड्याचा दगड आज नेमका कुठे उभा आहे? बाबांना मुख्यतः तोच बघायचा आहे. नागरी अक्षरं ते बोट न लावता वाचतात. बाजूने तिरपा टॉर्च धरला की झिजलेल्या अक्षराच्या कडेला सावली पडते आणि ‘श्री’ची वेलांटी सुद्धा उठून दिसते. अलिबागजवळच्या अक्षीच्या गधेगाळीपाशी (शाप कोरलेला दानाचा दगड) त्यांनी मला हे शिकवलं होतं. दगडावर शेंदूर, ऑइलपेंट वगैरे लागलंय का, एवढं कळलं तरी पुरे. (तिथे जाणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: फोटोसाठी अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका.)

लेण्याची चढण बाबांना झेपेल असं वाटत नाही. तरी पायऱ्या किंवा बरी पायवाट असेल तर सांगा. नसेल तर मी वर जाऊन फोटो काढून आणेन, ते खाली सावलीत बसतील. पण सावली आहे का तिथे?

रस्ता कुठला घ्यावा? नाशिक महामार्गावरून सोनाळ्याकडून आत शिरावं की कल्याणहून बापगावमार्गे? गोदामांच्या कंटेनर ट्रकांमुळे महामार्गावर तासन् तास अडकायला होतं, म्हणून मला दुसरा बरा वाटतो. सकाळी सातला निघून जेवायच्या वेळेला घरी परतायचा बेत आहे. स्वच्छतागृह वाटेत कुठे मिळेल हेही लिहा, या वयात तो प्रश्न महत्त्वाचा असतो.

घाई करतोय त्याला कारण आहे. भिवंडीच्या बाजूला बघता बघता खाचरांवर भराव पडतो आणि गोदाम उभं राहतं. जुन्या वर्णनातल्या खुणा त्यामुळे सापडत नाहीत. म्हणून फोटो टाकणाऱ्यांनी शक्य असेल तर ते कधीचे आहेत हेही लिहा. या पावसाळ्यानंतरचे असतील तर सर्वात उपयोगाचे.