महासभा, तहकुबी आणि उपसूचना
महापालिकेच्या महासभेत (सगळ्या नगरसेवकांच्या सभेत) दुखवटा मांडून सभा तहकूब केली, म्हणजे पुढे ढकलली, की कार्यपत्रिकेवरचे (अजेंड्यावरचे) विषय बारगळले असं काही जणांना वाटतं, तसं नसतं. ते विषय तसेच पुढच्या तारखेला येतात, फक्त ढीग वाढतो, आणि खरी गंमत तिथेच होते. मी आमच्या मनपाच्या गॅलरीत बसून बघितलंय, पहिले दोन-तीन तास पाणी, खड्डे, कुत्री यावर घसा कोरडा करून भाषणं, आणि संध्याकाळी सभागृह अर्धं रिकामं झालं की नगरसचिव (सभेचं कामकाज बघणारा अधिकारी) विषय क्रमांक वाचणार, महापौर "मंजूर?" विचारणार, खालून कोणीतरी चहाचा कप हातात धरून "मंजूर" म्हणणार. पुढचा विषय!

त्यामुळे नुसती कार्यपत्रिका वाचून काही कळत नाही, कारण उपसूचना, म्हणजे मूळ विषयात बदल सुचवणारे प्रस्ताव, तिथे नसतातच, त्या ऐनवेळी सूचक-अनुमोदकाच्या (मांडणाऱ्या आणि पाठिंबा देणाऱ्या नगरसेवकांच्या) सह्यांनिशी येतात आणि मूळ विषयाला चिकटून पास होतात. अंतिम ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागून बघा. आणि एकदा मंजूर झालं म्हणजे कायमचं, असंही नाही बरं का, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं.