कोल्हापूर-मिरज लोकल: वैभववाडीची वाट बघायची, की आहे त्या रुळावर गाड्या वाढवायच्या?

पंचगंगाकाठ:
कोल्हापूरहून कोकणात वैभववाडीला जायच्या नव्या रेल्वेमार्गाची बातमी आली की आपण सगळे तिच्यावर तुटून पडतो. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झालेला, घाटातून शंभरावर किलोमीटरचा मार्ग. व्हायलाच पाहिजे. पण १८९१ पासून जो रूळ आपल्या दारात आहे, त्याचं आपण काय केलं?

१८८८ ला शाहू महाराजांनी या मार्गाची पायाभरणी केली तेव्हा त्यांना चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं. राज्याचे अधिकार तर १८९४ ला हातात आले. संस्थानाची स्वतःची मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळाची गाडी होती ही, आणि तीन वर्षांत गाडी धावली. पुढं महाराजांनी वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, तेही याच रुळाला धरून. नंतर रुंद रुळाची ब्रॉडगेज झाली, आता वीजही आली. तरी गावोगावी थांबणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्याच.

माझं मागणं एवढंच: सकाळी आणि संध्याकाळी दर तासाला मेमू, म्हणजे विजेवरची लोकल. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, सगळीकडं थांबणारी. पन्नास किलोमीटरसुद्धा अंतर नाही.

शिरोलीकर:
दादा, तळमळ कळते, पण हिशेब बसत नाही. काम कुठं आहे ते बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळा पट्टा महामार्गाला धरून आहे. रूळ जातोय पूर्वेला. आमच्या फौंड्रीत हातकणंगल्याची, जयसिंगपूरची पोरं आहेत. त्यांनी कोल्हापुरात उतरायचं, परत वडापची जीप शोधायची आणि मागं यायचं? ती मोटारसायकलच काढणार. रात्रपाळीचं तर बोलूच नका. त्यापेक्षा केएमटीला, म्हणजे शहर बसला, आणि एसटीला गाड्या द्या, त्या कारखान्याच्या गेटपर्यंत येतात.

रुकडीची लेक:
शिरोलीकर दादा, गाडीनं नुसती फौंड्रीतलीच माणसं जातात का? मिरजेला दवाखान्यासाठी जाणारी म्हातारी माणसं बघा, शहरात कॉलेजला येणाऱ्या मुली बघा. वळिवड्याला उतरून गांधीनगरात कापड घ्यायला जाणाऱ्या बायका बघा. सकाळच्या गाडीत दारापाशी भाजीच्या बुट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि खिडकीच्या गजांना बाहेरून दुधाचे कॅन अडकवलेले. ही माणसं मोटारसायकल काढणार नाहीत.

कोरोनानंतर पॅसेंजरचं किमान तिकीट १० वरून ३० रुपये झालं. २०२४ ला ते परत १० वर आलं, पण मधल्या काळात आमच्या गावच्या कितीतरी बायकांनी बाजाराला जाणं सोडलं. बुट्टीवर सुटतात किती, आणि येता-जाता ६० रुपये द्यायचे कुठून?

स्टेशन रोड:
मी लोकलच्या बाजूचा आहे, पण दर तासाला गाडी आज शक्य नाही. मिरज-कोल्हापूर मार्ग अजून एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस येत असली की पॅसेंजरला कुठल्यातरी स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात. रुकडीला नाहीतर हातकणंगल्याला क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. महालक्ष्मी, कोयना, महाराष्ट्र, हरिप्रिया, आता वंदे भारत, सगळ्या याच एका रुळावरून. त्यात भर घातली तर सगळ्यांनाच उशीर. पुणे-मिरज दुहेरीकरणाला हात लागला तसा आपल्या तुकड्यालाही लागला पाहिजे. मागणी तीच करा.

आणि पंचगंगेवरच्या पुलाचं विसरू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुलाशी पाणी आलं आणि गाड्या बंद पडल्या. दुहेरीकरण म्हणजे तिथं दुसरा पूल, आणि तो उंच हवा.

शिरोलीकर:
म्हणजे ऐन पुरात जी बंद पडते तिच्यावर रोजची हजेरी सोपवायची?

पंचगंगाकाठ:
त्याच पुरात महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली होता, दादा. तुमच्या गेटासमोरच ट्रकच्या रांगा लागल्या होत्या.

घाटवाट:
सगळे मिरजेकडंच बघताय. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे, इथं रूळ संपतो. जोवर संपतो तोवर रेल्वे आपल्याला फाटाच समजणार. वैभववाडी झाली की कोकण रेल्वे जोडली जाते, बंदराचा माल इकडून जायला लागतो, मग दुहेरीकरण कुणाला मागावंच लागणार नाही. आमच्या गगनबावड्याकडं आजही एसटी चुकली की दिवस गेला. तुमच्याकडं निदान रूळ तरी आहे. आधी आम्हाला द्या.

माग आणि धोटा:
इचलकरंजीचं कुणी नावच घेतलं नाही! एवढं मोठं यंत्रमागाचं शहर, महानगरपालिका झाली, आणि स्टेशन नाही. हातकणंगल्याहून आठेक किलोमीटरचा फाटा वैभववाडीबरोबरच जाहीर झाला होता. त्यात बागायत जमीन जाणार, ते शेतकऱ्याला कसं पटावं, हेही मला कळतं. मग रूळ नको. हातकणंगले स्टेशनच्या दारात प्रत्येक गाडीला इचलकरंजीची बस उभी करा. आज गाडीतून उतरलेला माणूस रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत बसतो.

पंचगंगाकाठ:
घाटवाट, तुमचं दुःख खरं आहे. पण घाटातले बोगदे पुरे होईपर्यंत रुकडीच्या पोरीनं गाडीत लोंबकळत जायचं, हे मला मान्य नाही. दुहेरीकरणाची मागणी आणि त्याआधी गर्दीच्या वेळेला वाढीव गाड्या, दोन्ही एकाच निवेदनात घालूया. क्रॉसिंग सांभाळून तासाला नाही तर दीड तासाला तरी बसेल. हातकणंगल्याच्या बसचा मुद्दाही घेतो.

स्टेशन रोड:
दीड तासाला बसेल, पण सकाळची एखादी एक्स्प्रेस दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं करावी लागेल. ते स्पष्ट लिहा, नाहीतर पुण्याला जाणारे पहिले ओरडतील.

शिरोलीकर:
निवेदनात दुसऱ्या पाळीनंतर सुटणारी रात्रीची गाडी घाला, मग माझी सही आहे. ती नसेल तर माझा विरोध लिहून घ्या.