फेज कॉन्ट्रास्ट : नमुना ठेवला की रिंग सरकते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. एका निवृत्त सरांनी त्यांचा जुना फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप (पारदर्शक जीव रंग न देता ठळक दाखवणारा) आम्हाला दिला आहे. १०× आणि ४०× ची फेज ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं), कंडेन्सरला (खालून नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाला) प्रकाशाच्या रिंग असलेली फिरवायची तबकडी आणि हिरवा फिल्टर, एवढं आहे. रिंग जुळवायचा टेलिस्कोप मात्र हरवलाय.

शेततळ्याच्या पाण्यातलं पॅरामेशियम हा एकपेशी जीव साध्या प्रकाशात मुलांना धड दिसतच नाही, इतका तो पारदर्शक असतो. मेथिलिन ब्लू घातलं तर आतलं दिसू लागतं, पण जीव मरतो, आणि मला तर फुगणारी-मिटणारी आकुंचनशील रिक्तिका (जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी) दाखवायची आहे. कंडेन्सरची आयरिस (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारी झडप) बारीक केली की कडा ठळक होतात, पण बारकावे जातात आणि प्रत्येक कणाभोवती जादा रेषा उमटतात. झर्निके यांना १९५३ चं नोबेल याच फेज तंत्रासाठी मिळालं हे वर्गात सांगितलंय, त्यामुळे मुलं रोज विचारतात, "मॅडम, कधी दाखवणार?"

आधी दिव्याकडची आयरिस मिटवून, कंडेन्सर वरखाली करून तिची कडा स्पष्ट केली आणि मधोमध आणली. मग आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून नळीत पाहिलं. ऑब्जेक्टिव्हमधली करडी रिंग दिसते. तिच्यावर कंडेन्सरची उजळ रिंग दोन स्क्रूंनी नेमकी बसवली. तबकडीवरची खूण ऑब्जेक्टिव्हवरच्या खुणेशी जुळते, हे दोनदा तपासलं.

कोऱ्या स्लाइडवर सगळं जुळतं. नमुना ठेवला की पेशीची एक बाजू चमकते आणि दुसरीवर सावली पडते. नळीत पाहिलं तर उजळ रिंग चंद्रकोरीसारखी बाहेर आलेली. स्लाइड सरकवली की रिंगही सरकते! दुरुस्तीला आलेल्या माणसाने कंडेन्सरच बदला म्हणून सांगितलं. तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत. खरंच बदलावा लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मॅडम, कंडेन्सरला हात लावू नका. तो ढिला असता तर कोऱ्या स्लाइडवरही रिंग जागेवर राहिली नसती. स्लाइडबरोबर रिंग सरकते म्हणजे दोष नमुन्यात आहे. तुम्ही खळग्याची स्लाइड वापरता का? की थेंब कव्हरस्लिपशिवाय ठेवता?

दोन्हींत पाण्याचा किंवा काचेचा पृष्ठभाग वक्र असतो. तो भिंगासारखं वागतो, प्रकाश तिरका वळवतो आणि रिंगची प्रतिमा जागची हलते. फेजमध्ये नमुन्यात न वळलेला सरळ प्रकाश नेमका ऑब्जेक्टिव्हमधल्या करड्या रिंगमधूनच जायला हवा. तिथे तो मंद होतो आणि त्याच्या लहरी पाव तरंगलांबीने सरकतात. तो बाहेर पडला तर तुम्हाला दिसतो तो फक्त तिरप्या प्रकाशाचा परिणाम.

साधी सपाट स्लाइड घ्या. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचा बारीकसा ठिपका लावून ती लहान थेंबावर ठेवा. बाजूने टिपकागदाने पाणी हळूहळू ओढून घ्या. पॅरामेशियम हलकेच दाबलं जाऊन मंदावलं की थांबा, नाहीतर ते फुटतं. रिंग शेवटी नमुना ठेवूनच, रिकाम्या जागेवर तपासा. कडेभोवती उजळ वलय राहील, ते तंत्राचंच आहे.

१०× ला डार्कफील्डही (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ नमुना) घरच्या घरी जमतं. आयपीस काढून कंडेन्सरची आयरिस ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या वर्तुळाएवढी करा, तिचा व्यास मोजा, त्याहून थोडी मोठी काळ्या कागदाची चकती पारदर्शक प्लास्टिकवर चिकटवून फिल्टरच्या खाचेत मधोमध ठेवा. मग आयरिस पूर्ण उघडा आणि तबकडी साध्या प्रकाशाच्या खाचेवर आणा. पार्श्वभूमी राखाडी राहिली तर चकती लहान पडली आहे.

धागाकर्ती

खळग्याचीच स्लाइड होती! जीव मोकळे फिरावेत म्हणून मीच मुद्दाम घेत होते. आज सपाट स्लाइडवर व्हॅसलीन लावून केलं, रिंग हलली नाही. दुसऱ्या थेंबात एक पॅरामेशियम टिपकागदाच्या बाजूला अडकून थांबलं. रिक्तिका गोल होत गेली, एकदम मिटली, आणि तिच्याभोवती नलिकांची चांदणी उमटली. मुलींनी घड्याळ लावून ठोके मोजले. मनापासून आभार. चकती उद्या कापते.