कुंडीतली लाल माती विटेसारखी घट्ट होतेय, मिश्रण कसं करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते. पश्चिमेची खिडकी, दुपारनंतर कडक ऊन. ग्रिलमध्ये मोगरा, तुळस, कढीपत्ता आणि सासूबाईंची हट्टाची जास्वंद. सगळ्या कुंड्या १० ते १२ इंची.

नर्सरीतून लाल मातीच्या पिशव्या आणल्या आणि नुसती तीच भरली. चूक तिथेच झाली असावी. मे महिन्यात माती इतकी आवळली की पाणी कडेने घसरून थेट खालच्यांच्या कपड्यांवर! (त्यांची बोलणी खाऊन झाली आहेत.) पावसाळ्यात उलटंच, चार-चार दिवस चिखल. तुळस मुळाशी कुजून गेली.

आता पुन्हा भरताना २ भाग लाल माती, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग गांडूळखत आणि मूठभर नीमपेंड असं घ्यायचा विचार आहे. पण कोकोपीट पाणी धरून ठेवतं. मग आपल्या जुलैच्या पावसात ते अंगाशी नाही का येणार? त्याऐवजी जाड वाळू घालू का? तिचं वजन ग्रिलला झेपेल का, ही धास्ती वेगळीच. परलाइट (मातीत मिसळायचे पांढरे, सच्छिद्र खडे) हलकं असतं, पण कोणी वापरलंय का?

कोकोपीट भिजवून, क्षार जाण्यासाठी धुऊन घ्यायचं, एवढं माहीत आहे. मोगऱ्याला आणि तुळशीला एकच मिश्रण चालेल की वेगळं? जुनी माती उन्हात वाळवून परत वापरता येईल का? कुजलेल्या तुळशीची मात्र टाकूनच देणार आहे.

मुंबईत ग्रिलमध्येच बाग करणाऱ्यांनी आपलं प्रमाण सांगा ना. अंगणवाल्यांचे सल्ले ऐकून झालेत!