दलालांच्या चित्रांतल्या बायका खोट्या?

वेंगुर्लेकर: काल कुणीतरी लिहिलं की चित्रकार दीनानाथ दलालांनी काढलेल्या बायका म्हणजे सजवलेल्या बाहुल्या, कोकणात अशी एकही दिसत नाही. वाचून राहवेना. दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या 'दीपावली' अंकाची मुखपृष्ठं माझ्या आजीने खळ लावून माजघराच्या भिंतीला चिकटवली होती. धुराने घर काळवंडलं, पण ती लांब मान, मिटत आलेले डोळे, चार रेघांत खांद्यावरून उतरलेला पदर बघतच मी चित्र काढायला शिकले. दलाल मूळ गोव्याचे. पदराचा भार एवढ्या थोड्या रेषेत पकडायचा तर आधी माणूस नीट बघावा लागतो.

देवगडकर: रेषेबद्दल वाद नाही, ताई. माझी आई पहाटे बंदरावर लिलावाला जायची, मग पाटी घेऊन गावभर फिरायची. तिच्या टाचांच्या भेगा मुखपृष्ठावर दाखवा. चित्रांतल्या मासेवाल्या डोक्यावर पाटी घेऊन मान वळवून हसतात. चुंबळीवर भरलेली पाटी असली की मान अशी वळत नाही. पाटी रिकामी आहे! आणि भिंतीवर सगळ्या गोऱ्या. माझ्या बहिणीला दोन स्थळांनी काळी म्हणून नाकारलं.

रत्नागिरीकर: मग रविवर्म्याची दिवा घेतलेली बाईही खोटीच का?

सावंतवाडीकर: रविवर्मा नव्हे हो! सा. ल. हळदणकर! जन्म १८८२, सावंतवाडी. रविवर्मा १९०६ला गेले, हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झालं. स्वतःच्या लेकीला उभं केलं, आणि तेही जलरंगात. तैलरंगात चुकलं तर वरून रंग चढवता येतो, इथे कागदाचा उजेड एकदा गेला की गेला. तरी ज्योतीसमोर धरलेल्या बोटांतून लाली झिरपते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. एका शाळेत त्याच्या छापील प्रतीखाली रविवर्म्याचं नाव बघितलं, सांगितलं, तर म्हणे काय फरक पडतो!

रत्नागिरीकर: चुकलो. पण एवढं अंगावर येण्यासारखं काय झालं?

सावंतवाडीकर: येणारच. चित्र म्हैसूरला, नाव केरळच्या माणसाला, मग आमच्याकडे राहिलं काय?

देवगडकर: मूळ मुद्दा राहिला बाजूला. लेक समोर होती म्हणून ती बोटं खरी वाटतात, एवढं मानतो.

वेंगुर्लेकर: दादा, माझ्या आजीच्या टाचाही फुटलेल्याच होत्या. भाताचा तरवा (रोपं) काढून, लावणी करून चिखलाने भरून यायची. ती चित्रं तिने स्वतः निवडून लावली होती. तिने भिंतीवरही चिखलच बघायचा का?

देवगडकर: आजींनी लावली असतील तर माझं काही म्हणणं नाही. त्यांची भिंत, त्यांची आवड. रिकाम्या पाटीचं मात्र मागे घेणार नाही.