मदत हवी आहे: उली होनेस, खेळाडू म्हणून कारकीर्द (आकडे, जागा, दुखापत)

मृण्मयी_क
गुडघ्यामुळे लवकर थांबावं लागलेल्या फॉरवर्ड्सवर लेखमाला लिहिते आहे. पहिला लेख बायर्न म्युनिकच्या उली होनेसवर आहे. जिथे शोधावं तिथे त्याचं मॅनेजरपद, अध्यक्षपद आणि करचुकवेगिरीचा खटला. खेळाडू होनेस हाती लागत नाही. अडलंय ते असं:
१. बुंडेसलिगाचे (जर्मनीची वरची लीग) सामने कुठे २३९ दिलेत, कुठे २५०. खरे किती?
२. तो फॉरवर्ड की मिडफिल्डर?
३. '१९७५ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात गुडघा गेला आणि कारकीर्द संपली' असं वाक्य आहे माझं. चालेल का?

जुना_विंगर
दोन्ही आकडे बरोबर आहेत. बायर्नकडून २३९ सामने, ८६ गोल. १९७८-७९ च्या हंगामात तो लोनवर न्युर्नबर्गला गेला, तिथे ११ सामने, गोल एकही नाही. बेरीज २५० आणि ८६. गफलत होते ती एकाच ठिकाणी: क्लबच्या यादीतून २३९ घेतात आणि वर 'बुंडेसलिगा एकूण' असं शीर्षक देतात. तक्त्यात न्युर्नबर्गची ओळ वेगळी ठेवा. जर्मन कप आणि युरोपियन सामने यात मिसळू नका, ते २५० मध्ये धरलेले नाहीत.

पश्चिम जर्मनीकडून ३५ सामने, ५ गोल, सगळे १९७२ ते १९७६ या काळातले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्येही तो खेळला, कारण तोवर कागदोपत्री हौशी खेळाडूच होता. ते सामने या ३५ मध्ये येत नाहीत. जूनमध्ये युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जिंकलेला खेळाडू सप्टेंबरमध्ये ऑलिंपिकला पूर्व जर्मनीकडून २-३ असा हरतो, हे वाचकाला खटकणार. हौशी दर्जाचा खुलासा एका ओळीत टाकाच.

पेनल्टी_बॉक्स
जागेबद्दल. क्लबसाठी फॉरवर्ड लिहा. मधे गेर्ड म्युलर आणि उजवीकडून धावत येणारा होनेस, अशी ती मांडणी. देशाकडून मात्र तो बरेचदा एक ओळ मागे खेळायचा. १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलला पुढे ग्राबोव्स्की, म्युलर, होल्त्सेनबाइन होते आणि होनेस ओव्हराथ-बोनहॉफबरोबर मधल्या फळीत. म्हणून तर पहिल्याच मिनिटाला नेदरलँड्सच्या क्रायफला आडवा पाय घालायला तो स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये सापडला. दोघांच्याही पाठीवर १४ नंबर. नीस्केन्सने पेनल्टी मारली, आणि तोवर एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला स्पर्श झालेला नव्हता. पहिला स्पर्श गोली माइयरचा, तोही जाळ्यातून चेंडू काढताना!

पण लेखात एकच प्रसंग सविस्तर द्यायचा असेल तर हा देऊ नका. १७ मे १९७४, ब्रसेल्स, अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा युरोपियन कप (क्लबांची स्पर्धा) फायनलचा फेरसामना द्या. दोन दिवसांपूर्वीचा सामना १-१ राहिला होता, हा बायर्नने ४-० जिंकला. दोन गोल म्युलरचे, दोन होनेसचे. त्याचा दुसरा गोल नीट बघा: मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेऊन एकटा सुटतो, मागचे बचावपटू अंतर कापूच शकत नाहीत, शेवटी गोली रेइनाला बाजूने चुकवून रिकाम्या गोलात. होनेस म्हणजे काय, ते त्या एका धावेत कळतं. चेंडू पुढे ढकलायचा आणि वेगाने गाठायचा. त्या वेगाला धक्का लागला की खेळाचा पायाच गेला, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे.

फिजिओ_नाशिक
तिसरं वाक्य बदला. २८ मे १९७५, पॅरिस, लीड्सविरुद्ध. मध्यंतराच्या जरा आधी होनेस बाहेर गेला आणि क्लाउस वुंडर आत आला. त्याच रात्री बायर्नचा ब्यॉर्न अँडरसनही सुरुवातीच्या मिनिटांतच जखमी होऊन गेला होता. या दोन दुखापतींची सर्रास सरमिसळ होते, तेवढं सांभाळा.

त्यानंतर होनेस परत आला. १२ मे १९७६ ला ग्लासगोत सेंट-एतिएनविरुद्ध युरोपियन कपची फायनल खेळला, जूनमध्ये युरोची फायनलही. म्हणजे कारकीर्द पॅरिसमध्ये संपली नाही, तिथून उताराला लागली. शेवट १९७९ चा, कारण गुडघ्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) भरून न येण्याइतकी खराब झाली होती.

कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून स्नायू भरून येतो तशी ती येत नाही. चालताना हे फारसं जाणवणार नाही. पण पूर्ण वेगातून अचानक थांबणं, एका पायावर वळणं, पुन्हा सुटणं, यात खडबडीत पृष्ठभागावर सगळा भार येतो. सांधा सुजतो, पाणी भरतं. सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळला जात नाही, तो बारीक होतो, आणि मग गुडघ्यावर आणखी भार येतो. हे चक्र विश्रांतीने मंदावतं, पण कूर्चा परत येत नाही. 'दुखत असूनही खेळत राहिला' असं भावूक लिहिण्यापेक्षा हे लिहा. वेगावर जगणाऱ्या फॉरवर्डलाच ते इतकं महाग का पडलं, ते वाचकाला समजेल.

मृण्मयी_क
खूप आभार, तिघांचेही. वाक्य बदलते. आणखी एक: त्याने हुकवलेल्या पेनल्टी दोन की एक? दोन वेगवेगळ्या लेखांत दोन वेगळी वर्षं दिसली.

जुना_विंगर
त्या दोन्ही वेगळ्या आहेत. ३ जुलै १९७४, फ्रँकफर्ट, पोलंडविरुद्ध: पावसाने मैदान तुंबलेलं, त्यांचा गोली टोमाशेव्स्कीने त्याची पेनल्टी अडवली, तरी म्युलरच्या गोलवर जर्मनी १-० जिंकली. ही सामना चालू असतानाची.

दुसरी २० जून १९७६, बेलग्रेड, युरो फायनल. चेकोस्लोव्हाकियाशी २-२, मग शूटआउट. बोनहॉफ, फ्लोहे, बोंगार्ट्झ यांनी मारल्या, चौथी होनेसची बारवरून गेली, पुढची चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने हलकेच मधोमध टाकली. शूटआउट ५-३. शूटआउटची पेनल्टी गोलच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे ती आत गेली असती तरी त्याचे ५ गोल ५ च राहिले असते.

पेनल्टी_बॉक्स
आणि शेवटच्या परिच्छेदात '१ मे १९७९ पासून बायर्नचा मॅनेजर, वय २७' असं लिहाल तेव्हा पुढे जोडा: खरेदी-विक्री आणि क्लबचे व्यवहार बघणारा. इंग्लिश फुटबॉल पाहणारा आपला वाचक त्याला संघाचा प्रशिक्षक समजेल. प्रशिक्षक तो कधीच नव्हता.